रस्त्यापलीकडचा परवानेवाला

मी एक वायरलेस सेट बोलतोय. टेबलावर ठेवायचा, काळा, पुढे जाळीचा स्पीकर आणि बाजूला लोंबणारा माइक. सध्या माझा मुक्काम फरीदाबादच्या एका सरकारी मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या कोठारात आहे. अंगाभोवती पांढरं कापड शिवलंय आणि त्यावर लाखेची मोहर आहे. आपली कथा सांगताना सगळे आधी गुण सांगतात. मी आधी अवगुण सांगतो. मी मत्सरी आहे. जन्मभर एकाच सेटवर जळत आलो, आणि तो माझ्यापेक्षा तसूभरही सरस नव्हता.

माझा जन्म जपानमधला. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून आम्ही भावंडं निघालो. कुणी बंदरावर गेलं, कुणी विमानतळावर, रीतसर कागद घेऊन. मी मात्र कुणाच्या तरी बॅगेत, स्वेटरांच्या घडीत लपून भारतात आलो आणि जुन्या दिल्लीतल्या एका अरुंद दुकानात जाऊन पडलो. तिथे सुधाकररावांनी मला हातात घेतलं.

"याला परवाना लागतो ना?" त्यांनी हिंदीत विचारलं.

दुकानदार हसला. "अरे साहब, अब तो पूरा देश खुल गया है. लायसेंस की लाइन में खड़े रहोगे तो धंधा कोई और ले जाएगा."

तेव्हा सगळे असंच बोलायचे. नव्या मोटारी, नवे कारखाने, गुडगावकडे उठणाऱ्या काचेच्या इमारती, सगळं खुलं झालं होतं. हवा तर काय, आधीपासूनच खुली, असं सुधाकररावांनाही वाटलं असावं. दुकानदाराने मला एक फ्रिक्वेन्सी लावून दिली. कुणाची ते त्याने विचारलं नाही. "यहाँ सन्नाटा रहता है," एवढंच म्हणाला.

सुधाकरराव पुण्याचे. तरुणपणी विश्वनाथ नावाच्या मित्राबरोबर फरीदाबादच्या कारखान्यात नोकरीला आले. दोघांनी एका खोलीत दिवस काढले, एका स्टोव्हवर पिठलं शिजवलं. पुढे दोघांनी नोकरी सोडली आणि प्रत्येकाने एकेक क्रेन घेतली. रस्त्यात बंद पडलेल्या, आपटलेल्या गाड्या उचलून गॅरेजला पोचवायच्या, हा धंदा. मथुरा रोडच्या एका बाजूला सुधाकररावांचं ऑफिस, समोरच्या बाजूला विश्वनाथचं. मोबाइल फोन तेव्हा निघाले होते, पण क्रेनच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची ती वस्तू नव्हती. म्हणून विश्वनाथने वायरलेससाठी दिल्लीला अर्ज केला आणि वाट बघत बसला. सुधाकरराव त्याची थट्टा करायचे. मग एक दिवस त्याला परवाना मिळाला, सेट आले, आणि पाठोपाठ एका मोटार कंपनीचं गाड्या उचलायचं कामही मिळालं. थट्टा थांबली. महिन्याभरात मी सुधाकररावांच्या टेबलावर होतो.

म्हणजे मला आणलं ते मत्सरानेच. माझा स्वभाव घरचाच म्हणायचा.

माझ्यावर बोलायचं काम नीलाताईंचं, सुधाकररावांच्या बायकोचं. सकाळी घरचं आटपून त्या ऑफिसला यायच्या, पदर खोचून खुर्चीत बसायच्या आणि माइकचं बटण दाबायच्या. "रामफल, कहाँ पहुँचे?" रामफल हा क्रेनचा ड्रायव्हर, पलवलकडचा. पुढे घेतलेल्या दुसऱ्या क्रेनवर सतबीर. दोघांच्या गाड्यांत माझे दोन धाकटे भाऊ बसवले होते. नीलाताईंच्या आवाजात घाई नसे. उन्हाने वैतागलेला ड्रायव्हरसुद्धा त्यांच्याशी बोलताना "जी भाभीजी" म्हणत असे. तो आवाज माझ्यातून जायचा, याचा मला फार अभिमान होता.

पण खिडकीसमोर तो होता. विश्वनाथचा सेट. त्याचा लोखंडी खांब गच्चीवर उजळ माथ्याने उभा. माझी तार मात्र पाण्याच्या टाकीमागून, टीव्हीच्या अँटेनाला चिकटवून नेलेली. त्याला सरकारने दिलेलं नाव होतं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून झालेलं. त्याचे ड्रायव्हर प्रत्येक बोलण्याआधी ते नाव घ्यायचे. मला नाव नव्हतं. कोणी गिऱ्हाईक आलं की नीलाताई माझ्यावर क्रोशाचं झाकण टाकायच्या.

खंडेनवमीला तर माझा जीव जळाला. समोर विश्वनाथने सेट दाराशी चौरंगावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. येणारे-जाणारे पंजाबी दुकानदार थांबून प्रसाद घेत होते. इकडे सुधाकररावांनी दोन्ही क्रेनला हार घातले. नीलाताई माझ्यासाठीही ताट घेऊन आल्या तर म्हणाले, "त्याला नको. कोणी बघितलं तर विचारेल."

नीलाताईंनी झाकणाखाली हात घालून एक फूल माझ्यावर ठेवलं. मला ते झाकणाखालचं फूल नको होतं. मला दारातला चौरंग हवा होता.

हिवाळ्यानंतर माझ्यात मधूनच परके आवाज येऊ लागले. जवळच एक नवं हॉस्पिटल उघडलं होतं. त्याच्या अँब्युलन्सला सरकारने जी फ्रिक्वेन्सी दिली, ती नेमकी माझीच निघाली. म्हणजे त्यांची. मी फुकटचा बसलो होतो. वायरलेसचं एक असतं, एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचाही नुसता खरखराट होतो. सतबीर चिडून म्हणायचा, "भाभीजी, कोई घुस आया है हमारी लाइन में." सुधाकरराव हसायचे. जो हक्काने आला होता, त्यालाच आम्ही घुसखोर म्हणत होतो.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. बल्लभगढजवळ एक ट्रक उलटला होता. तो उचलायला दोन्ही क्रेन गेल्या होत्या आणि रामफल-सतबीरचं माझ्यावरून अखंड चाललं होतं. पुढे घे, मागे घे, साखळी कुठे लावू. त्यातून मधेच एक तुटका आवाज आला. "...गाड़ी बंद... पेशेंट..." आणि पुन्हा सतबीरची साखळी.

नीलाताईंनी बटण दाबलं. "रामफल, सतबीर, दोनों चुप रहो. कोई बटन नहीं दबाएगा."

शांतता झाली. मग तो आवाज नीट आला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर हॉस्पिटलला हाका मारत होता. गाडी बंद पडली होती. आत एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती, बाळ आडवं होतं. दुसरी गाडी पाठवा, असं तो केव्हापासून सांगत होता. "कितनी देर से बोल रहा हूँ," तो म्हणाला.

नीलाताईंनी थेट टेलिफोन उचलला, हॉस्पिटलला जागा सांगितली. दुसरी गाडी निघाली. त्या खुर्चीत बसून राहिल्या. समोरचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन आल्या. आल्यावर सुधाकररावांना म्हणाल्या, "बाई वाचली. बाळ गेलं."

सुधाकररावांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "आपल्यामुळेच गेलं असं कोणी म्हटलं का?"

"कोणी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, लवकर पोचली असती तर कदाचित वाचलं असतं, नक्की सांगता येत नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अहो, हा बंद करा. आजच."

"आत्ता? नीला, गुडगावच्या कंपनीचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत ठरतंय. विश्वनाथही त्यात आहे. सेट नाही म्हटलं की ते सरळ त्याच्याकडे जाणार. एवढं होऊ दे. मग अर्ज करतो, बिल्कुल रीतसर."

"आणि तोवर परत कोणाची गाडी बंद पडली तर?"

"दरवेळी विश्वनाथनेच पुढे जायचं का?" सुधाकरराव म्हणाले. ते नीलाताईंच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण त्यांच्या मनात तेवढंच होतं.

माझ्याही मनात तेच होतं, हे सांगायला हवं. एक मूल गेलं होतं आणि मी विचार करत होतो, की समोरचा अजून सोवळाच राहिला. त्याच्यामुळे कधीच कुणाची हाक बुडाली नाही. मला त्याच्या परवान्याचा हेवा होताच. आता त्याच्या निर्मळपणाचाही वाटू लागला.

नीलाताई त्यानंतर माझ्यावर बोलल्या नाहीत. सुधाकरराव स्वतः माइक घेऊन बसू लागले.

आठवडा झाला असेल नसेल, ऑफिससमोर एक बंद व्हॅन येऊन थांबली. तिच्या टपावर चौकोनी अँटेना हळूहळू फिरत होती आणि माझ्या दिशेला येऊन थबकली. व्हॅनमधून सरकारच्या वायरलेस खात्याचे भटनागर नावाचे अधिकारी उतरले, सोबत पोलीस.

"सेट किसका है?" त्यांनी झाकण उचललं. "ये फ्रिक्वेंसी अस्पताल को दी हुई है. आपका लायसेंस दिखाइए."

सुधाकररावांनी चहा मागवला, खुर्ची दिली, ओळखीची नावं घेतली. भटनागरांनी चहा घेतला नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपणाचा सेट बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि सेट जप्त, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. पंचनामा सुरू झाला. तेवढ्यात पोलीस बघून विश्वनाथ रस्ता ओलांडून आला.

"सुधाकर, काय झालं? वकील बोलावू का?"

सुधाकरराव उठले. "नाटक करू नकोस. तूच बोलावलंस यांना. माझं बरं चाललेलं तुला बघवलं नाही. गुडगावचं काम हातातून जाईल म्हणून माझं पानिपत केलंस."

विश्वनाथचा चेहरा उतरला. "तुझी तार माझ्या खिडकीतून पहिल्या दिवसापासून दिसते. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं नसतं का? एका ताटात जेवलोय आपण."

"मग दुसरं कोण सांगणार?"

"मी," नीलाताई म्हणाल्या.

पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाला मराठी कळत नव्हतं, पण त्याचाही हात थांबला.

"मी जाऊन सांगून आले. भावजींना काही माहीत नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, न घाईचा. "तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही दोन्ही वेळा विश्वनाथभावजींचं नाव घेतलंत. त्या बाईचं एकदाही नाही."

सुधाकरराव खुर्चीत बसले. माझ्या तारा तोडल्या गेल्या, तेव्हा त्यांनी वर बघितलंही नाही.

मला कोर्टात नेलं ते थंडीच्या सुरुवातीला. कारकुनाच्या टेबलावर कापडात शिवलेला असलो, तरी ऐकू सगळं येत होतं. गुडगावचं काम अर्थात गेलं होतं. जुनी गिऱ्हाइकंही बिचकली होती आणि एक क्रेन विकावी लागली होती. नीलाताईंना साक्षीला उभं केलं. कापडाची शिवण थोडी उसवून, हाच सेट का, असं विचारलं.

"हाच. यावर मीच बोलत असे," त्या म्हणाल्या.

सुधाकररावांनी गुन्हा कबूल केला. वकिलाने सांगितलेली एकही सबब त्यांनी पुढे केली नाही. न्यायाधीशांनी त्यांना दंड केला, सेट सरकारजमा केले आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथेच, मागच्या बाकावर, बसून राहायचं. एरवी ऐटीत फिरणारा माणूस, पण चोरांच्या आणि भांडखोरांच्या रांगेत तो मान खाली घालून बसला. नीलाताई जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. व्हॅन आली त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं, हे मला तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळाने सुधाकरराव हळूच म्हणाले, "ती बाई कुठे राहते?"

"बडखलकडे. नवरा दगडखाणीत आहे."

"मला घेऊन जाशील?"

"जाऊ," नीलाताई म्हणाल्या. "तिला काय सांगायचं, ते मात्र तुम्हीच सांगा."

जेवणाच्या सुट्टीत विश्वनाथ डबा घेऊन आला. त्याने बाकावर डबा उघडला, पिठलं-भाकरी होती, आणि जणू कालच बोलणं अर्धवट राहिलं होतं अशा सुरात म्हणाला, "तुझी उरलेली क्रेन माझ्याकडे लाव. रामफललाही घेऊन ये. आणि वहिनी, तुम्ही माझ्या ऑफिसात बसा. सेटवर बोलायला मला तुमच्यासारखं माणूस मिळत नाहीये."

सुधाकररावांनी भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्याला लावून खाल्ला. मग मान हलवली.

सगळे समेट करत होते आणि कापडाच्या आत मी पेटलो होतो. खांब त्याचा, परवाना त्याचा, सरकारी नाव त्याचं, हार त्याचा. एक आवाज तेवढा माझा होता, तोही आता त्याच्याकडे चालला होता. संध्याकाळी कोर्ट उठलं, ती तिघं एकत्र बाहेर पडली. मला उचललं एका शिपायाने.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. शेजारी एका बिल्डरच्या साइटवरचे वॉकी-टॉकी आहेत, एका सुरक्षा एजन्सीचे आहेत, एका लग्नाच्या हॉलवाल्याचेही आहेत. प्रत्येकाची कथा थोडीफार सारखीच. मालकाला घाई होती. आमचा निकाल अजून व्हायचा आहे. काही जण म्हणतात सरकारी कामाला लावतील, काही म्हणतात हातोड्याने फोडतील. माझ्या अंगावर गंज येऊ लागलाय.

तुम्ही नव्या वस्तीत नवा धंदा काढणार असाल आणि दुकानदाराने माझ्यासारखा एखादा सेट पुढे सरकवला, तर त्याला आधी परवाना मिळवून द्या, मगच त्याच्यातून बोला. वाट बघावी लागेल. बघा. दंड भरून मालक मोकळे होतात. आम्हाला सोडवायला कोणी येत नाही, आणि काही माणसं तर कुठल्याच दंडाने परत येत नाहीत.

आणि कधी मथुरा रोडवरून गेलात, तर तो खांब दिसेल. त्या सेटला माझा नमस्कार सांगू नका. मी अजून त्याच्यावर जळतो, आणि मरेपर्यंत जळणार. फक्त त्याच्यावरून नीलाताई बोलत असतील, तर त्यांचं बोलणं पुरं होऊ द्या.