आईने शिवलेलं पोट

मेडिकलच्या पहिल्या वर्षी पोटाच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले, तेव्हा मला सगळं पाठ होतं. वर्गात मला ‘रेडिओ’ म्हणत. बटण दाबलं की सुरू.

पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. जठराच्या मागे या पडद्याची एक छोटी पिशवी तयार होते आणि तिला जेमतेम दोन बोटं जातील एवढंच तोंड असतं. त्या तोंडाच्या चारही बाजूंना काय काय असतं, ते मी एका दमात म्हणून दाखवलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग स्टीलच्या टेबलावरच्या देहाकडे पाहत त्या म्हणाल्या, “आता त्या तोंडात बोट घाल.”

मॅडम इतक्या हळू बोलत, की सगळे त्यांना मागे ‘कुजबुज मॅडम’ म्हणत. मला मात्र ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. हातमोज्यातलं माझं बोट यकृताच्या खाली गेलं, जठरावर फिरलं, आणि हवेतच राहिलं.

“पाठ आहे,” मॅडम म्हणाल्या. “दिसत नाहीये.”

फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी होती. त्यातही राहिले तर सहा महिने मागच्या तुकडीबरोबर बसायचं, आणि माझी तुकडी पुढच्या वर्षात जाताना बघायचं.

आई शिवणकाम करते. आमच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापायचं मोठं टेबल आणि भिंतीला लटकवलेले कागदी नमुने. त्या टेबलाच्या एका टोकाला बसून मी अभ्यास करते, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथेच येतो. त्या दिवशी मी तोच पडदा सहाव्यांदा काढून सहाव्यांदा खोडत होते. आई धागा दातांनी तोडत डोकावली.

“कसलं अस्तर आहे ते?”

“अस्तर नाही गं. पोटातला पडदा आहे.”

“आतून सगळीकडे लावलेला?”

“हो.”

“मग अस्तरच की. आणि हे सगळे अवयव अस्तराच्या आत भरलेले?”

“आत नाही. मागून ढकललेले. म्हणजे… फुग्यात मागून मूठ घुसवली, तर फुगा मुठीभोवती बसतो ना, तसं.”

आईने कात्री खाली ठेवली. “म्हणजे खिसे. हे कागदावर काढून कसं कळणार? सरक तिकडे.”

जुन्या चादरीच्या उरलेल्या तुकड्याचं तिने अस्तर केलं. यकृताला विटकरी कापड, जठराला पिवळं, प्लीहेला जांभळं. मी सांगायचं आणि तिने शिवायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ती विचारायची आणि मी पुस्तक चाळायचे. जठर कशाला टाचलंय? टाका सैल की घट्ट? ही घडी पुढे येते की मागे? तिचा एकही प्रश्न माझ्या पुस्तकात नव्हता.

लहान आतड्यापाशी येऊन तर काम अडलंच. हे आतडं पडद्याच्या एका झालरीला धरून असतं. मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, “झालरीचं मूळ पंधरा सेंटीमीटर, आतडं साधारण सहा मीटर.”

आईने टेप गळ्यातून काढला, पंधरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “चाळीसपट? तिप्पट झालर घेतली तरी गिऱ्हाईक म्हणतं, बाई जाड दिसते मी. चाळीसपटीच्या चुण्या मुळाशी मावतातच कशा? गठ्ठा होत असेल.”

“माहीत नाही.”

“पाहिलं नाहीस?”

पाहिलं होतं. दोन महिने रोज पाहत होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या विच्छेदनाच्या हॉलमध्ये गेले आणि पहिल्यांदा ती झालर दोन्ही हातांत घेऊन मुळापर्यंत बोटं नेली. हात फिरवता फिरवता मला त्या टेबलावरच्या माणसाचे मनातल्या मनात आभार मानावेसे वाटले, आणि मी ते मानले. मुळाशी एकही चुणी नव्हती. पडदा सपाट निघत होता आणि काठाकडे जाता जाता लाटांसारखा पसरत होता.

“गठ्ठा नाही,” घरात शिरतानाच मी सांगितलं.

“मग चुण्यांची झालर नाहीच ती,” आई म्हणाली. “अंब्रेला कट आहे. गोल कापायचं, आतला काठ आखूड, बाहेरचा लांब.” आणि तिने कापायला घेतलं. संध्याकाळपर्यंत टेबलावर गुलाबी आतड्याचा ढीग पडला.

बाबा गाडी शिकवायचे वर्ग घेतात. घरी आल्यावर त्यांनी तो ढीग बघितला आणि दारातच थांबले. “आज जेवायला काय आहे, ते आधी सांगा.”

परीक्षेपर्यंत रोज मी त्या कापडी पोटावर हात फिरवला. शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या, दोरे लोंबत होते, पण यकृताखालून दोन बोटं सरकवली की ती बरोबर जठरामागच्या पिशवीत जात. मग मी डोळे मिटूनही ते करू लागले.

परीक्षेच्या सकाळी आईने माझ्या बॅगेत इस्त्री केलेला पांढरा कोट ठेवला आणि त्याखाली ते पोट. आत जायच्या आधी एकदा हात फिरवून घेईन, असं मी ठरवलं होतं. पण पहिलंच नाव माझं पुकारलं.

मॅडमच्या समोर बसले. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच माझ्या पायाशी बघितलं. “ते काय बाहेर आलंय?”

बॅगेच्या चेनमधून हातभर गुलाबी आतडं लोंबत होतं.

“पोट आहे, मॅडम. आईने शिवलंय.”

“बघू.”

मी ते टेबलावर पसरलं. एकही शिवण दिसत नव्हती, एकही दोरा नव्हता. सगळे अवयव गुळगुळीत, टपोरे, इस्त्रीतून निघाल्यासारखे. आणि उजवीकडे असायचं ते यकृत डावीकडे होतं.

काय झालं ते मला लगेच कळलं. आईने आयुष्यात कधी शिवणी दिसणारं काम घराबाहेर जाऊ दिलेलं नाही. पहाटे उठून तिने एकेक अवयव कापडातून पलीकडे ढकलला होता, जठराचे टाके उसवून पुन्हा घातले होते आणि सगळं सुलट केलं होतं.

मॅडम यकृतावर बोट ठेवून थांबल्या.

“चूक आहे, मॅडम,” मी म्हणाले. “हातमोजा काढताना उलटा झाला की उजव्याचा डावा होतो, तसं झालंय. आरशातलं पोट आहे हे.”

“अशी माणसं असतात,” मॅडम म्हणाल्या. “क्वचित. पण असतात. हाच माणूस तुझ्या टेबलावर आलाय असं समज. अपेंडिक्स?”

हे मी पाठ केलेलं नव्हतं. कोणीच करत नाही. पण माझा हात आधीच निघाला होता.

“डावीकडे, खाली.”

“प्लीहा?”

“उजवीकडे. जठरही उजवीकडे वळलेलं.”

“झालरीचं मूळ?”

“एरवी वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतं. इथे वर उजवीकडून खाली डावीकडे.” मी बोटाने ती रेघ दाखवली. “मुळाशी चुण्या नाहीत, मॅडम. अंब्रेला कट आहे.”

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला. “आणि काय बदललेलं नाही?”

मी क्षणभर त्या कापडाकडे पाहिलं. “वर-खाली आणि पुढे-मागे. छोटी पिशवी जठराच्या मागेच आहे.”

“बोट घाल.”

मी डाव्या बाजूने यकृताखाली दोन बोटं सरकवली. ती आत गेली. मॅडमनी स्वतःची दोन बोटं घालून बघितली, जरा जास्तच वेळ बघितली, आणि नेहमीपेक्षाही हळू म्हणाल्या, “दिसतंय.” मग माझ्या नावापुढे गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला, म्हणजे मला वाचता यावं. मी पास झाले होते, चांगली पास.

“हे इथेच राहू दे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या तुकडीला विचारायला. आणि आईंना म्हणावं, एक सुलटही हवंय.”

घरी येऊन सगळं सांगितलं. आईने निकाल ऐकून माझ्या गालावरून हात फिरवला, आणि तो हात तसाच कपाळाला लावला. “चुकलेलं काम बाहेर गेलं माझं. जा, परत घेऊन ये.”

“त्या देत नाहीयेत.”

“अगं, पण चुकलंय ते.”

“म्हणून तर देत नाहीयेत.”

तिने लगेच नवीन कापड टेबलावर अंथरलं. मग कापडाकडे बघत उभीच राहिली. एकदा बरोबर शिवूनही आता तिचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

“अहो,” तिने आतल्या खोलीकडे हाक मारली, “तुमचं अपेंडिक्स कुठल्या बाजूचं काढलं होतं?”

“उजव्या.”

“तुमच्या उजव्या की डॉक्टरांच्या?”

बाबा हातातली चहाची कपबशी घेऊन बाहेर आले. “माझ्या पोटातलं होतं, तर माझ्याच ना?”

“उभे राहा इथे. शर्ट वर करा.”

बाबांनी शर्ट वर केला. आईने टेप लावून बेंबीपासून व्रणापर्यंतचं अंतर मोजलं, कापड बाबांच्या पोटाला लावलं आणि खडूने उजवीकडे फुली मारली.

“हलू नका,” ती म्हणाली. “अजून लिव्हर राहिलंय.”