तिसरा दिवा

कुलरच्या टाकीत बादलीभर पाणी पडल्याचा आवाज.

एक बाई उंबऱ्यात दिवा घेऊन उभी. आत नवरा मागावर बसलेला. तो म्हणतो, थांब जराशी, फूल अर्धं हाय. ती थांबते, ज्योतीला तळहाताची आड धरून.

करवती किनार. एक दात वर, एक दात खाली.

पांढरा बाण पडद्याच्या उजव्या कडेवर जाऊन धडकतो. पुन्हा धडकतो. काचेवरची माशी.

कळमेश्वरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायला माणूस पाहिजे. बाई असली तरी चालेल.

पुठ्ठ्याला पडलेलं भोक. त्याच्या शेजारी, न पडलेलं.

*

हे सगळं एकाच खोलीभोवती फिरतंय, हे हर्षाला कोणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आधी माझा माऊस दुरुस्त करून द्या.

खोली नागपूरच्या तांडापेठेतली. रस्त्याला लागून. पूर्वी तिथे माग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. माग गेला, खड्डा भरला, वर फरशी बसली, आणि बरोबर त्याच जागी आता हर्षाचं टेबल. टेबलावर तीन कॉम्प्युटर. मधला नवा, त्यावर ती साडीच्या किनारी काढते. उजवीकडचा म्हातारा, त्याला कार्ड पाडायचं मशीन जोडलेलं. ते मशीन दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरचं ऐकत नाही. डावीकडे लॅपटॉप, गिऱ्हाइकांना फोटो पाठवायला. मागावर पुठ्ठ्याची कार्डं चढतात, आणि कुठला धागा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, ते कार्डातली भोकं सांगतात. चित्र मधल्यावर, भोकं उजव्यावर.

मशीननेच अर्धं टेबल खाल्लेलं. तीन कीबोर्ड आणि तीन माऊस ठेवायचे कुठे, डोक्यावर? म्हणून तिने एक फुकटातलं सॉफ्टवेअर तिन्हींवर टाकलं. आता एकच कीबोर्ड, एकच माऊस, दोन्ही मधल्याला जोडलेले. बाण मधल्या पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर पडला की म्हाताऱ्याच्या डाव्या कडेतून आत. डावीकडे नेला की लॅपटॉपवर. मधल्या हवेत तो कुठे असतो, हा प्रश्न हर्षाला पहिल्या दिवशी पडला होता आणि अजून सुटलेला नव्हता.

सासरे श्रावण म्हणाले होते, "धोटाच हाय हा. इकडून फेकला तं तिकडं." मागावर आयुष्यभर आडव्या धाग्याचा धोटा फेकलेला माणूस. त्या वेळी त्यांना बाण दिसत नव्हता, मोतीबिंदू पिकलेला. हर्षाने हाताने हवेत दाखवलं तेवढ्यावर ते बोलले होते.

*

बिघाड असा.

दिवसभर सगळं ठीक. संध्याकाळी बाण ज्या पडद्यावर असेल तिथेच अडकायचा. हलायचा, उघडायचा, बंद करायचा, पण कड ओलांडायचा नाही. टायपिंगही त्याच पडद्यावर. उरलेले दोन कॉम्प्युटर समोर बसून नुसते बघत.

"वहिनी, बंद करून चालू करा," प्रज्वल फोनवर म्हणाला. प्रज्वल म्हणजे नवऱ्याचा, चेतनचा, दोस्त. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं.

"केलं ना."

"मंग?"

"मंग चालते. मी पाणी प्यायला उठली न् परत आली, की पुन्हा अडकते."

"रुसला असंल."

"भाऊ, मजाक नका करू. शनिवारी प्रेमलताकाकू येऊन राहिली."

"कधीपासून होते हे?"

हर्षाने आठवून पाहिलं. "अक्षयतृतीयेनंतर कधीतरी."

"त्यानंतर काही नवीन टाकलं का कॉम्प्युटरवर?"

"काहीच नाही."

प्रज्वल आला तो भर दुपारी. दुपारी बाण असा पळत होता की जणू त्याला कधी काही झालंच नाही. डॉक्टरला पाहून पोराचा ताप उतरतो, तसं. त्याने तरी वायर बदलली, वायफायचा डबा खिडकीतून काढून कपाटावर ठेवला, तिन्ही कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं, चहा प्यायला, आणि म्हणाला, "आता नाही होणार." संध्याकाळी झालं.

*

प्रेमलता म्हणजे लकडगंजातली साड्यांची ठोक व्यापारी. उमरेडला तिच्या शब्दावर माग चालतात. तिची अट एकच होती: "चित्रं मले सगळेच दाखवतात वं. मोबाईलवर मोर नाचते, न् कपड्यावर कोंबडी उतरते. मी म्हणीन ते फूल माझ्यासमोर काढ, न् माझ्यासमोर कार्ड पाड. बाजार उठल्यावर येतो."

बाजार उठल्यावर. म्हणजे संध्याकाळीच.

चेतन म्हणाला, "तिच्यासमोर अडकलं तर?"

"तर सोमवारी तुमच्या गाडीवर मागे बसून कळमेश्वरले येते. दुसऱ्याची बिलं टाइप करते दिवसभर. झालं?"

चेतन कळमेश्वरलाच कामाला जायचा. जागा भरायला त्या कंपनीवाल्यांना घाई होती, आणि शब्द त्यानेच टाकला होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. महिन्याच्या महिन्याला पगार येतो एवढंच होतं. हर्षाच्या मनात मात्र त्या खोलीतून उठणं म्हणजे काय, ते शब्दात बसत नव्हतं. फूल आधी डोक्यात, मग पडद्यावर, मग भोकात, मग कुणाच्या तरी पदरावर. या वाटेवर आपण मध्ये उभे आहोत, याची तिला चटक लागली होती.

*

संध्याकाळी असं काय बदलतं?

ऊन उतरतं. व्होल्टेज पडतं. शेजारचे टीव्ही लावतात. नळ येतो. नळ आला की हर्षा बादल्या भरते, आणि कुलरची टाकी भरते.

कुलर!

ती त्या विचाराने इतकी खूष झाली की एकटीच हसली. पाणी भरून परत आलं की बाण अडकलेला. रोज. प्रज्वलला फोन केला तर तो म्हणाला, कुलरची मोटर काहीबाही करत असेल, सांगता येत नाही, वहिनी तुम्ही भल्या डोक्याच्या. दुसऱ्या दिवशी तिने कुलर बंद ठेवला. टाकी भरलीच नाही. प्रयोग म्हणजे प्रयोग. फक्त मे महिन्यातल्या नागपुरात बंद कुलरच्या खोलीत बसणं शक्य नव्हतं, म्हणून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली, पदराने वारा घेत. आत येऊन पाहिलं.

अडकलेला.

"मामाजी," तिने सासऱ्यांना विचारलं, "मी भायेर होती तेव्हा कोणी आलं होतं का खोलीत?"

"कोणी नाही वं. मीच होतो," श्रावण म्हणाले. काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच नव्याने दिसत होतं. भिंतीवरची पाल, हर्षाच्या साडीचा खरा रंग, भातातला खडा.

"तुम्ही हात लावला का कशाले?"

"माऊसले? नाही बाप्पा! त्या माऊसले मी काहून हात लावू?"

ते खरंच बोलत होते.

*

शनिवार. दिवेलागणीच्या थोडं आधी.

प्रेमलताकाकू कुलरसमोरची खुर्ची पकडून बसली. "हा काय कारखाना काय तुझा? पाय ठेवाले जागा नाही."

"काकू, आधी इथं मामाजींचा माग होता."

"अस्सं? मंग ही जागा शिकलेली हाय म्हणा की."

नळ आला होता. आज बादल्या हर्षाने चेतनवर सोडल्या. ती टेबलावरून उठणार नव्हती.

"दाखव. करवती काढ."

हर्षाने मधल्या पडद्यावर दात काढले. एक वर, एक खाली.

"आता दोन दातांच्या मधात फूल टाक. गुलाब नको, सगळे गुलाबच टाकतात. मोहाचं टाक."

मोहाचं फूल. फुगीर, जाड, कळीसारखं. हर्षाला क्षणभर भीती वाटली, मग कुतूहलच जास्त वाटलं: चौकोनांमध्ये मोह कसा बसेल? ती एकेक चौकोन भरत गेली. प्रेमलता पुढे वाकली. अर्धं फूल झालं. अर्ध्या फुलाचं कार्ड पाडून बघू, उरलेलं मग, असं म्हणत हर्षाने चित्र म्हाताऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवलं.

तेवढ्यात आतून श्रावण आले. देवापाशी दिवा लावून. हाताला तेलाचा वास. टेबलाच्या कोपऱ्याशी उभे राहिले, वाकले, फरशीला हात लावून कपाळाला लावला. मग कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात एक बोट नेलं.

चट्.

हात जोडले.

हर्षाने बाण उजवीकडे सरकवला. कडेवर धडकला. पुन्हा सरकवला. धडकला.

"काय झालं वं?" प्रेमलता म्हणाली.

हर्षाने माऊस सोडला. ती कीबोर्डकडे बघत होती. उजव्या कोपऱ्यात तीन बारके हिरवे दिवे असतात. एक रोज जळतो. आज दोन जळत होते.

"मामाजी, हे काय केलं तुम्ही?"

"दिवा लावला."

"रोज लावता?"

"रोजच. मागापाशी दिवा लावल्याबिगर दिवस गेला नाही माझा. तू कॉम्प्युटर आणले न् म्हणाली, वायरीजवळ जाळ नको. बरोबर हाय तुझं. न् कुलरचा वारा तं ज्योत टिकूच देत नाही. मंग मले हे दिवे दिसले. एक जळतच राहते. मधला लावला तं अक्षरं मोठी होतात, तू चिडली होती एकदा. हा तिसरा लावला तं काहीच होत नाही. कोणाले तरास नाही. कधी कधी विझते, तू उठून गेली की मी पुन्हा लावतो."

चेतन दारात बादली घेऊन उभा होता. त्याला हसू येत होतं आणि तो ते दाबत होता.

हर्षाचं बोट त्या कळीवर गेलं. आणि थांबलं.

दिवेलागण होती. दिवा नुकताच लागलेला. समोर व्यापाराला आलेली बाई, आणि बाजूला हात जोडून उभा म्हातारा. प्रेमलताचे डोळे हर्षाच्या बोटावर.

"लागलेला दिवा मालवतेस का काय?" ती अर्धवट हसत म्हणाली. अर्धवटच.

न मालवावं तर बाण पलीकडे जाणार नाही. कार्ड पडणार नाही. सोमवारी कळमेश्वर.

हर्षाने बोट मागे घेतलं. "मामाजी, माग होता तेव्हा दिवा लागल्यावर धोटा फेकत होते का तुम्ही?"

"नाही. दिवा लागला की धोटा बंद. माझ्या बापाचा नियम."

"आता तसंच झालं. दिवा लागला, न् माझा धोटा बंद पडला. मधातून पलीकडं जाऊन नाही राहिला."

श्रावण पुढे आले. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. बाण कडेशी थांबलेला. त्यांनी तो बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिला.

"त्याले समजते?"

"समजते असं दिसते."

"अरे वा," ते म्हणाले. मग पडद्यावरच्या चौकोनांवर त्यांचं बोट फिरलं. "हे फूल अर्धं हाय का?"

"अर्धं हाय."

"मंग आधी नाही सांगाचं? फूल अर्धं टाकून दिवा लावतच नाही कोणी. तुझी सासू, कौशल्या, उभी राहायची ना त्या दारात, दिवा हातात घेऊन. फूल पुरं होईस्तोवर. हात भाजला तरी बोलायची नाही." त्यांनी कीबोर्डला नमस्कार केला. "मी घाई केली, माय. मीच लावला, मीच शांत करतो."

चट्. दिवा गेला. हर्षाने बाण ढकलला आणि तो सरळ कड ओलांडून म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला.

प्रेमलताच्या तोंडून "आगं बाई" निघालं.

"पुरं कर," श्रावण म्हणाले, आणि उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. एक तळहात वर, दुसरा त्याला आड धरल्यासारखा. हातात काहीच नव्हतं.

हर्षाने बाण मधल्यावर परत आणून फूल पुरं केलं आणि चित्र पुन्हा पाठवलं. मग म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं. मशीनने घसा साफ केल्यासारखा आवाज काढला आणि खट्खट्खट् पुठ्ठा पुढे सरकू लागला. प्रेमलताने कार्ड उचलून ट्यूबलाइटसमोर धरलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे. तिच्या तोंडावर भोकांतून उजेडाचे ठिपके पडले.

"मोहच हाय," ती म्हणाली. "पूर्ण किनारीची कार्डं कर. उमरेडले चढवतो मी."

"झालं का?" उंबऱ्यातून श्रावण.

"झालं, मामाजी."

ते आले आणि त्यांनी तिसरा दिवा लावला.

*

दुसऱ्या दिवशी प्रज्वल फोनवर पोट धरून हसला. त्याच्या लॅपटॉपला ती स्क्रोल लॉकची कळच नव्हती म्हणे. मग त्याने शोधून सांगितलं, ते तर मदतीच्या पानावर लिहून आहे: तो दिवा लागला की बाण आहे त्याच पडद्यावर थांबतो. मुद्दाम ठेवलंय, चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

"कोणी ठेवलं मुद्दाम?"

"बनवणाऱ्यानं."

"त्याच्या घरी माग होता का?"

"वहिनी, मले काय माहीत!"

सोमवारी चेतन एकटाच गाडीवर बसला. हर्षा म्हणाली, कंपनीवाल्यांना सांगा दुसरं कोणी बघायला. तो म्हणाला, सांगितलं. मग तिने टेबलावर बसून बाण डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नेला, काही काम नसताना, दोन पडद्यांच्या मधल्या हवेकडे बघत.

श्रावणच्या डोळ्यावरची पट्टी अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली होती, आणि बाण त्याच संध्याकाळी पहिल्यांदा अडकला होता.