संगमरवरातला तिसरा डोळा

वलगावच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. शिळानाथ महाराजांनी करड्या संगमरवरी शिळेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि बघता बघता तीन डोळ्यांचा शंकर उमटला. "हर हर महादेव!" गर्दी गरजली.

"इचारा तुमच्या विज्ञानाले, हे कसं होते ते!" महाराज म्हणाले. "हे तीर्थ प्या. गोळ्या-सुया उकिरड्यावर फेका. पण शिळेले शिवू नका, भस्म व्हान!"

माणिकबाईंनी ओंजळ पुढे केली. शेजारी उभी असलेली त्यांची लेक मंजुषा चरकली. ती अमरावतीत मंगल कार्यालयांच्या खांबांवर रंगाने हुबेहूब संगमरवर उतरवते. आईला भेटायला नुकतीच आली होती.

"माय, साखरेची सुई घेतली ना?"

"महाराज आले तवापासून सोडली व. पाह्य, कसं हलकं वाटून राह्यलं."

मंजुषाने खाली पाहिलं. आईच्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

तिने शिळेकडे निरखून पाहिलं. संगमरवराच्या त्या रेघा अस्सल दगडाच्या नव्हत्या, रंगात बुडवलेल्या पिसाने ओढलेल्या होत्या. पाणी पडताच रंग गडद होत होता, शंकर तेवढा फिकाच राहत होता. ती ओळखून चुकली. पिशवीतून तिने गिऱ्हाइकांना दाखवायचा, संगमरवर रंगवलेला पण अजून वार्निश न मारलेला नमुन्याचा फळा काढला आणि मंडपातली मेणबत्ती उचलली.

"पोरी, देवाची थट्टा नोको करू," मंडपाची व्यवस्था पाहणारे नत्थुजी म्हणाले.

"देवाची नाही काका, रंगाची गोष्ट सांगतो. वार्निश न मारलेला रंग पाणी पेते. मेण लावलं तिथं पेत नाही."

मेणबत्तीने तिने फळ्यावर काहीतरी गिरवलं. कोरड्यावर काही दिसेना. पाणी ओतताच देठासकट वांगं उमटलं.

"घ्या, वांगेश्वर! करा नमस्कार!"

कोणी हसलं, कोणी शिवी हासडली. नत्थुजींनी मात्र धीर करून शिळेवर बोटं वाजवली. ठप् ठप्. प्लायवूड!

"कलियुग!" एवढंच पुटपुटत महाराज झोळी गोळा करू लागले. लोकांनी त्यांना तिथेच अडवलं.

मंजुषाला जिंकल्यासारखं वाटलंच नाही. तिने आईला तडक दवाखान्यात नेलं. अंगठा काही वाचला नाही.

"मंग मले हलकं काहून वाटलं व?" पलंगावरून माणिकबाईंनी विचारलं.

"तुले बरं व्हायचं होतं म्हणून, माय." मंजुषाने तिच्या पायावरची चादर सारखी केली. "देव तुह्या मनात ठेव, मी काढत नाही. पण औषध सोड म्हणणारा कोणीही आला, तर आधी त्याले इचार, काहून? अन् उत्तर पटेपर्यंत हात जोडू नोको."