सहा पांढरे बिल्ले

मी एक म्हातारी डुकरीण आहे. मुरडलंत नाक? मुरडा, मला सवय आहे. पण मित्रांनो, ऐकून तरी घ्या. माझ्या भावंडांबद्दल सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

ही एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्याला तरसालीच्या पलीकडे एका लस बनवणाऱ्या कंपनीचं आवार होतं. तेव्हा गावोगावी डुकरं खोकून खोकून मरत होती. त्या विषाणूवर डॉक्टर शालिनीबाईंनी लस तयार केली होती आणि तिची परीक्षा आमच्यावर व्हायची होती. आम्ही बारा पिल्लं, एकाच आईची. सहांच्या कानात पिवळा बिल्ला, त्यांना लस. सहांच्या कानात पांढरा, त्यांना नुसतं मिठाचं पाणी. नंतर सगळ्यांच्याच नाकात विषाणू सोडायचा. पांढरे आजारी पडले आणि पिवळे तगले, तर लस खरी. माझा बिल्ला पांढरा होता.

आम्हाला फत्तेसिंहराव सांभाळत. त्यांचे आजोबा बडोद्याच्या महाराजांच्या पागेत घोडे राखायचे. नातू डुकरं राखतो म्हणून भाऊबंद टोमणे मारत, पण ते कधी मनाला लावून घेत नसत. माझ्यावर त्यांचा भारी जीव. मला ‘डाही’ म्हणत, म्हणजे गुजरातीत शहाणी. मी कसली शहाणी! खाण्याच्या कुंडीत चारी पाय घालून बसायची.

लस टोचायच्या दिवशी बाईंना फोन आला, म्हणून त्या आत गेल्या. बाटलीच्या तळाशी थोडी लस उरली होती. फत्तेसिंहरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती मला टोचली. एकीचा जीव वाचला तर कोणाचं काय जातंय, असं त्यांना वाटलं.

महिन्याने आमच्या नाकात विषाणू सोडला. माझी पाचही पांढरी भावंडं तापाने फणफणली. त्यांना श्वास पुरेना. सगळ्यात धाकटा माझ्या अंगावर मान टाकून मेला, आणि मला साधी शिंकसुद्धा आली नाही. आठवड्याभरात पाचही गेली.

माझं रक्त तपासलं, त्यात लशीची खूण सापडली. फत्तेसिंहराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं कबूल केलं. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाकीच्यांना काय दिलंत, ते मी आता कशाच्या भरवशावर लिहू?”

“बाई, आईची शपथ, फक्त डाहीलाच दिली.”

“माझा विश्वास आहे हो. पण अहवाल विश्वासावर लिहिता येत नाही.”

सगळी परीक्षा रद्द झाली. माझ्या पाच भावंडांचं मरण कुठेच धरलं गेलं नाही. पुढच्या महिन्यात टेम्पोतून नवी बारा पिल्लं उतरली. फत्तेसिंहराव म्हणाले, “माझ्यामुळे आलीत, बिल्ले मीच लावतो.” मी कुंपणाला तोंड लावून किंचाळत होते. कोणाला काय कळणार?

त्यातली पांढऱ्या बिल्ल्याची सहा मेली. लस खरी निघाली. मी कुठल्याच हिशेबात नव्हते, म्हणून म्हातारी झाले.

मित्रांनो, फत्तेसिंहरावांना मी वाईट म्हणत नाही. पण चोरून केलेल्या मायेने एक जीव वाचला आणि सहा जादा गेले. तुम्ही मोठे होऊन असं काम कराल, तेव्हा हात जोडून एकच मागणं आहे. आमचा जीव घ्यावाच लागला, तर निदान तो वाया घालवू नका.