शिंगाचं टोक

सुदर्शन बेहेऱ्यांना आयुष्यात कुणी लबाड म्हटलं नव्हतं. त्या रविवारीही कुणी म्हटलं नाही, आणि नेमका त्याचाच त्यांना संताप आला. लबाड म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. इथे त्यांना चारचौघांत प्रेमाने माफ करून टाकलं होतं.

वारज्याच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात दर रविवारी सकाळी दहा वाजता टेबलं जोडली जात. त्यांवर थर्माकोल आणि कॉर्कची उद्ध्वस्त गावं मांडली जात, आणि त्या गावांतून बोटभर उंचीचे पुतळे लढत. एका बाजूला निवडक पाच-सहा एजंट, दुसऱ्या बाजूला परग्रहावरून उतरलेले राक्षस. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, मेलेला पुतळा उचलून डब्यात ठेवायचा. बेहेरे बहात्तर वर्षांचे. एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनात त्यांनी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. खेळायला येणारे बाकीचे सगळे त्यांच्या निम्म्या वयाचेही नव्हते, एक युसूफभाई सोडले तर.

युसूफभाई सुतारकाम करायचे. बेहेऱ्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं त्यांनीच केली होती. कपाटाच्या फळ्या पसंत करायला बेहेरे त्यांच्या कारखान्यात गेले, तेव्हा रंध्यापलीकडे त्यांना एक पडकं शहर दिसलं. मुंगीएवढ्या खिडक्या, वाकलेला विजेचा खांब, भिंतीवर पोपडे.

“हे काय?” त्यांनी विचारलं होतं.

“पोराचं खूळ. पोरगा गेला जर्मनीला, खूळ राहिलं माझ्याकडे,” युसूफभाई म्हणाले होते.

त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून दोघं क्लबात येत होते. बेहेरे राक्षसांच्या बाजूने खेळत. एजंट सगळ्यांनाच हवे असत, आणि मागून घ्यायचा बेहेऱ्यांचा स्वभाव नव्हता. पण राक्षस त्यांनी जीव लावून रंगवले होते. त्यांचा मोहरा म्हणजे शिंगाड्या, सहा पायांचा, पाठीवर खवले आणि डोक्यावर दोन उभी शिंगं. शिंगांच्या टोकांना केशरी रंग द्यायला त्यांना चार दुपारी लागल्या होत्या.

खेळाचं शहाण्णव पानांचं इंग्रजी पुस्तक क्लबात त्यांनी एकट्यानेच अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. पण त्याचा उपयोग फारसा होत नसे. नियम सांगताना ते “मी चुकत असेन, पण” अशी सुरुवात करत, आणि लोक ‘पण’च्या पुढचं ऐकत नसत.

क्लबात एक रीत होती, ती मात्र पुस्तकातली नव्हती. पुस्तकात गोळी झाडणाऱ्यानेच बघायचं, समोरचा पुतळा आपल्या पुतळ्याला दिसतो का. इथे उलट होतं. झाडणाऱ्याने विचारायचं, “दिसतोय का?” आणि ज्याच्यावर नेम धरलाय त्याने टेबलाशी वाकून, नेमबाजाच्या पुतळ्यामागे डोळा लावून उत्तर द्यायचं. ही रीत युसूफभाईंनी घातली. “मारणारा तर बघणारच की,” ते म्हणत. “मरणाऱ्याला बघू दे. मग भांडणच नाही.” आणि तीन वर्षांत खरंच भांडण झालं नव्हतं. आपल्या पुतळ्याचा मृत्यू आपल्या तोंडाने सांगायचा, यात बेहेऱ्यांना काही विलक्षण सभ्य वाटे.

त्या रविवारी स्पर्धेचा शेवटचा सामना होता. खेळाचं सामान विकणाऱ्या एका दुकानाने ती भरवली होती, आणि दुकानातर्फे पूर्वा नावाची मुलगी पंच म्हणून आली होती. हसतमुख आणि चटपटीत. समोर शुभंकर होता, हिंजवडीत नोकरी करणारा, वेगवान खेळणारा. पाचवा डाव चालू होता, त्यानंतर एकच उरला होता. बेहेऱ्यांचे बाकी सगळे राक्षस डब्यात गेले होते. एकटा शिंगाड्या पडक्या भिंतीमागे उभा होता. तो शेवटचा डाव संपेपर्यंत जगला की बेहेरे जिंकणार, मेला की हरणार. इतकं सोपं होतं.

शुभंकरचा नेमबाज पाण्याच्या टाकीवर चढला. “काका, दिसतोय का?”

बेहेरे उठले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, गाल टाकीच्या कडेला टेकवला, एक डोळा मिटला. समोर भिंत होती, आणि भिंतीच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं केशरी टोक. शिंग, शेपूट, पंख आणि हातातलं शस्त्र ही शरीरात धरू नयेत, असा नियम होता. म्हणून त्यांनी खांदा शोधला, कान शोधला, पाठीचा एखादा खवला तरी दिसतो का ते पाहिलं. चांगलं अर्धं मिनिट पाहिलं.

“नाही, दिसत नाही.”

शिंग दिसतंय पण शिंग धरत नाहीत, असं सबंध वाक्य बोलायला हवं होतं. पण हे सगळ्यांना ठाऊकच असणार, उगाच शिकवल्यासारखं व्हायचं, म्हणून ते गप्प राहिले.

शुभंकरने फोन टाकीवर टेकवून फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. “मग हे काय आहे, काका?”

पूर्वा वाकून बघायला आली. शेजारच्या टेबलावरचेही आले. “अरे, क्लिअर दिसतंय की!” पूर्वा म्हणाली. मग तिने बेहेऱ्यांकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “काकांना दिसलं नसेल रे. या वयात होतं असं, मोतीबिंदू वगैरे. नो इश्यू, काका!”

बेहेऱ्यांची दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं ते पत्नीला वाचून दाखवत. “मी चुकत असेन, पण शिंग...”

“टेन्शन नका घेऊ, काका. कुणी तुम्हाला ब्लेम करत नाहीये.”

“हो ना, चिल, काका,” शुभंकर म्हणाला आणि त्याने फासे उचलले.

“थांब रे,” मागून युसूफभाईंचा आवाज आला. “बेहेरेसाहेब काहीतरी बोलतायत. बोलू दे त्यांना.”

सगळे थांबले, आणि ते थांबणं बेहेऱ्यांना जास्तच अवघड गेलं. “शिंग शरीरात धरत नाहीत,” ते कसेबसे म्हणाले. “पान एक्केचाळीस.”

पूर्वाने फोनवर बोट फिरवलं. “गेमच्या ॲपमध्ये असं काही नाहीये. कुठलाही भाग दिसला तरी चालतो, असं दिलंय.”

पुस्तक पिशवीत होतं, खाकी कव्हर घातलेलं. ते काढायचं की नाही, यात बेहेऱ्यांचा क्षणभर जीव अडकला. नियम तिथे नसला तर? आपण तो जुन्या आवृत्तीत वाचला असला, किंवा स्वप्नात? मग आता नुसते डोळे गेलेत म्हणतात, उद्या डोकंही गेलं म्हणतील. त्यांनी पुस्तक काढलं आणि एक्केचाळिसावं पान उघडलं. तिथे वाहनांचे नियम होते.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बेहेऱ्यांच्या कानशिलांवर घाम आला. त्यांनी पान उलटलं. बेचाळीसवरही वाहनंच होती. त्रेचाळीसच्या तळाशी, चौकटीत, बारीक टायपात तो नियम होता. शिंग, शेपूट, पंख, शस्त्र. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक पूर्वापुढे धरलं.

पूर्वाने ते दोनदा वाचलं. “ओके. टेक्निकली काकांचा पॉइंट आहे. शुभंकर, जाऊ दे ना. देऊन टाक काकांना.”

“डन,” शुभंकर म्हणाला. “काकांसाठी कायपण. सीनियर सिटिझन कोटा!”

सगळे हसले. कुणाच्याही हसण्यात वाईट काही नव्हतं. एकाने तर बेहेऱ्यांच्या पाठीवर थापही मारली.

“मला काही देऊ नका!”

आपला आवाज एवढा मोठा आहे हे बेहेऱ्यांना माहीत नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर फासे टाकणाऱ्याचा हात थांबला.

“मला शिंग दिसलं होतं. ते मीच रंगवलंय, मला दिसणार नाही? शिंग दिसलं आणि शिंग धरत नाहीत, म्हणून नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्याला दिसलं नाही. आता पुस्तकात निघालं, तर म्हणता देऊन टाका. म्हणजे चुकलो असलो तर माफी, आणि बरोबर असलो तर भीक! मी खरं बोललो, हे यात कुठे बसतं?”

“काका, एवढं काय... गेम आहे,” शुभंकर गोंधळून म्हणाला.

“आहेच. म्हणून तर येतो मी. बँकेत मला कुणी विचारत नाही, माझ्याशेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारतात. दवाखान्यात बायकोला विचारतात. इथे मला विचारतात, दिसतोय का. विचारलंत ना? मग उत्तर पटवून घ्या, नाहीतर खोटं आहे म्हणा तोंडावर. आणि फोनलाच विचारायचं असेल, तर मला कशाला वाकायला लावता? गुडघे दुखतात माझे!”

कुणी हसलं नाही. युसूफभाई टेबलाशी आले. “शुभंकर, तू डोळा लाव. आणि सांग.”

“अहो, मान्य केलं ना मी!”

“मान्य नको करूस. बघ.”

शुभंकर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. “शिंग दिसतंय. बाकी भिंत आहे.”

“मग?”

“मग... दिसत नाही.” तो उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. “काकांचं बरोबर होतं.”

“ओके गाइज, काकांसाठी टाळ्या!” पूर्वा म्हणाली, आणि टाळ्या पडल्या. बारशातल्या बाळाने हात हलवल्यावर पडतात, तशा. बेहेरे खुर्चीत बसले. त्यांचा राग तसूभरही उतरला नव्हता.

शेवटचा डाव. शुभंकरने दुसरा एजंट उचलला, टेपने मोजत मोजत भिंतीला वळसा घालून आणला आणि शिंगाड्याच्या अंगावर उभा केला. मग खाली बघत विचारलं, “दिसतोय का, काका?”

आता सगळेच बघत होते. बेहेऱ्यांना खुर्चीतूनच कळलं होतं. तरी ते उठले, वाकले आणि डोळा लावला. खांदा, बरगड्या, डावे तिन्ही पाय.

“दिसतो.”

फासे पडले. शिंगाड्या मेला. बेहेऱ्यांनी तो स्वतः उचलून डब्यात ठेवला.

“बघितलंत?” पूर्वाला खरोखर भरून आलं होतं. तिने दुकानाचं नाव छापलेला कॉफीचा मग पुढे केला. “काका, हा तुम्हाला. स्पोर्ट्समनशिपसाठी. हरणार हे माहीत असूनही तुम्ही खरं बोललात!”

बेहेऱ्यांनी हात पुढे केला नाही. “मग पहिल्यांदा काय बोललो होतो?”

पुढे केलेला मग पूर्वाच्या हातातच राहिला. शुभंकरने तिच्याकडे पाहिलं, मग बेहेऱ्यांकडे, आणि तो टेप गुंडाळायला लागला.

पिशवी भरून बेहेरे जिना उतरले. मागोमाग युसूफभाई आले.

“आवाज फार चढला का हो माझा?” बेहेऱ्यांनी विचारलं.

“चढला. खाली वॉचमनपर्यंत आला असेल.”

“बरं झालं,” बेहेरे म्हणाले. लगेच त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं. दोन पायऱ्या ते तसेच अडखळत उतरले. पण बोललेलं त्यांनी मागे घेतलं नाही.