वारेन्नाच्या पायऱ्या

काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, इटलीतल्या एका तळ्याचा नकाशा टांगलेला होता. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय, कुठलं धरण? मी सांगायची, आम्ही सुट्टीला जाणार आहोत तिथं. मग माणूस माझ्याकडे बघायचा, नकाशाकडे बघायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. मला गंमत वाटायची. लोक लोणावळ्याच्या पुढचं मनातसुद्धा आणायला घाबरतात.

नकाशा दिला पिएत्रोनं. चौऱ्याहत्तर साली आमच्या ह्यांच्या कंपनीत, पिंपरीला, इटलीहून गिअर कापायच्या मोठ्या मशिनी आल्या आणि त्या बसवायला त्या देशातून हा माणूस आला. ह्यांचं नाव भीमराज. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. ते फिटर, पिएत्रोच्या हाताखाली दिलेले. हॉटेलचं खाऊन खाऊन पिएत्रोचं पोट बिघडलं तेव्हा हे त्याला सरळ घरी घेऊन आले. मी मऊ भात केला, वर तूप सोडलं, कडेला मीठ ठेवलं. लाल तोंडाचा तो धिप्पाड गडी शेवटचं शीत वेचून जेवला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी दारात हजर राहू लागला.

गुरुवारी, कारण आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. विजेच्या टंचाईपायी कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले होते, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. आमची लग्नं, बारशी, पाहुणेरावळे, सगळं गुरुवारी. पिएत्रोला हे काही केल्या पचायचं नाही. रविवारी तो कुरकुरतच मशिनीला हात लावायचा. त्याच्या मुलखात रविवारी कुणी पान्याला शिवत नाही म्हणे, आणि गुरुवारी झोपा काढणारी माणसं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्याचं इंग्रजी मोडकं, ह्यांचं त्याहून मोडकं, उरलेलं दोघं हातांनी बोलायचे आणि हे मला मराठीत सांगायचे.

त्याचं गाव वारेन्ना. कोमो नावाच्या तळ्याच्या काठी, मिलान शहरापासून आगगाडीनं तासाभरावर. गावातल्या गल्ल्या उतरत उतरत थेट पाण्याला भिडतात आणि शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. संध्याकाळी गावातल्या बाया कामं आटोपून तिथं येतात आणि पाण्यात पाय सोडून बसतात.

"कुणीही बसतं?" मी विचारलं.

ह्यांनी त्याला विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. दोनदा विचारून घेतलं आणि मग म्हणाला, पाणी आहे, ज्याला बसायचं तो बसतो.

मी उठून चुलीपाशी गेले. माझ्या माहेरी गावच्या विहिरीवर आमचा हात लागायचा नाही. आई घागर घेऊन लांब उभी राहायची, आणि वरच्या आळीतल्या कुणा बाईला दया आली की ती वरून ओतायची. तिला दया यायला कधी कधी सगळी सकाळ जायची. उन्हात आईचा पदर धरून मी ते पाणी बघत राहायची. तहानेपेक्षा मला त्याच्यात हात घालावासा वाटायचा, नुसता हात. आता घरात नळ होता, पवनेच्या पाण्यानं बादल्या भरत होत्या, तक्रार काही नव्हती. पण ती बाई, पायरीवर बसलेली, पाय पाण्यात आणि मागून कुणी हाक मारत नाही, ती माझ्या डोक्यातून जाईना.

मशिनी सुरू झाल्या आणि पिएत्रो गेला. जाताना नकाशा देऊन म्हणाला, दोघं या, आईच्या घरी वरची खोली रिकामी आहे. माणसं जाताना असं म्हणतातच. पण पुढच्या गुरुवारी जेवणं झाल्यावर हे पान लावता लावता म्हणाले, "प्रभा, मे महिन्यात जाऊन उपेग न्हाई. पिएत्रो म्हणत हुता, पानी लई गार आसतं. जूनमधी जाऊ."

तिथून आमचं सुरू झालं. आम्हाला मूलबाळ नाही. हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. दुसऱ्यांच्या घरी गुरुवारी पोरांचे अभ्यास, पोरांची भांडणं असायची. आमच्या घरी तळं असायचं. मिलानला गाडीत बसायचं ते डाव्या खिडकीशी, कारण तळं डावीकडे लागतं. वारेन्नाहून बोटीनं पलीकडच्या काठाला जायचं, आईस्क्रीम खायचं आणि शेवटची बोट चुकवायची नाही. निळी काठाची साडी नेसायची, कारण निऱ्या वर धरल्या तरी ती बरी दिसते. माझ्या चपला हे हातात धरून उभे राहणार. लोक हसले तर? हसू देत, तिथं कोण ओळखतंय, असं हे म्हणायचे. पहिल्या दोन दिवसांसाठी भाकरी न्यायची की नाही यावरून आमचं असं भांडण झालं की शनिवारपर्यंत अबोला होता. इटलीला जाऊन भाकरी खाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

शेजारची शमीम डोक्याला हात लावायची. तिचा नवरा इनायत स्कूटरचं गॅरेज चालवायचा, आणि दोघांचं जग रोखठोक. "भाभी, तळंच बघायचंय ना? लोकल पकडा, लोणावळ्याला उतरा, संध्याकाळी घरी." गेलो होतो एकदा. ह्यांच्या खात्यातली सगळी मंडळी बरोबर होती. बायकांनी दिवसभर स्टोव्हवर भजी तळली, पुरुषांनी पत्ते कुटले, आणि पाणी मी परतताना पाहिलं, मान मागे वळवून.

जायचं कधीच नाही, हे मला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. विमान आमच्या डोक्यावरून जायचं तेवढीच आमची ओळख. पण ठरवायला कोण अडवतंय? शिफ्टवरून आलेला, तेलाचा वास येणारा माझा नवरा नकाशावर बोट ठेवून "इथं उतरू" म्हणायचा तेव्हा मला तो फार आवडायचा. त्यासाठी मी आठवडाभर गुरुवारची वाट बघायची.

ऐंशी साली कंपनीनं आणखी मशिनी घ्यायचं ठरवलं आणि एका माणसाला सहा आठवडे मिलानला शिकायला पाठवायचं निघालं. पिएत्रोची मशीन ज्याच्या हातात बसली होती तोच माणूस, म्हणजे आमचे हे. बातमी घेऊन आले तेव्हा खात्यातल्यांनी घातलेला हार गळ्यात तसाच होता, आणि चेहरा मात्र काहीतरी फोडून आल्यासारखा.

मला आनंद झाला नाही. आधी मनात आलं, जाणार ते, मी नाही. मग मी स्वतःला चांगलं झापलं. बाई, तुझ्या नशिबात नाही ते निदान घरात तरी येतंय. मी त्यांना समोर बसवलं.

"सुट्टीच्या दिवशी वारेन्नाला जायचं. पायऱ्यांवर बसायचं. पाण्यात पाय सोडायचे. सगळं बघून यायचं आणि मला सांगायचं."

"येकटा जाऊ?"

"मग काय कंपनी मलाही पाठवतेय?"

"पिएत्रो बी तिथं न्हाई. ब्राझीलला मशिनी बसवतोय. त्याची आई बी वारली."

"पायऱ्या तर आहेत ना जागेवर?"

त्यांनी मान हलवली. विमानतळावर निरोप देतानाही मी तेच सांगितलं. नीट जा, जपून राहा, असं बायका सांगतात. मी म्हणाले, पाण्याचा रंग बघून या.

ते सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दर गुरुवारी एकटी जेवायची आणि नकाशासमोर बसायची. आज गेले असतील का? आता गाडीत असतील. आता पायऱ्या उतरत असतील. एकदा बादलीत पाय घालून बसले तर शमीम दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली.

ते बुधवारी आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, त्यामुळे सकाळीच घर भरलं. शमीम-इनायत, ह्यांच्या खात्यातले उद्धवराव, आळीतली माणसं. मी पोहे केले, सगळ्यांच्या हातात बशा दिल्या आणि भिंतीला टेकून बसले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते आता ऐकायला मिळणार होतं.

"भीमराज, तळ्याला गेला का नाय?" उद्धवरावांनी विचारलं.

"गेलो की." हे बशीकडे बघत बोलत होते. "गुरुवारी सकाळी लौकर उठलो. सुट्टी हुती. मिलानला गाडीत बसलो, डाव्या खिडकीशी. तासाभरानं तळं लागलं. मंग उतरलो वारेन्नाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुवारी सुट्टी, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? सगळ्यांचा जन्मच गुरुवारच्या सुट्टीत चालला होता. मी मात्र जागच्या जागी गोठले. गुरुवारी सुट्टी घेणारं अख्ख्या इटलीत कुणी नसतं, हे ह्याच घरात, ह्याच जमिनीवर बसून पिएत्रोनं आम्हाला ऐकवलं होतं.

चुकून तोंडातून गेलं असेल, असं मी मनाला समजावलं. पण हे पुढं बोलत गेले आणि मला एकेक ओळखू येऊ लागलं. पलीकडच्या काठाला आईस्क्रीम खाल्लं. शेवटची बोट चुकू दिली नाही. त्यात नवं असं काहीच नव्हतं. सगळं आमचं होतं, आम्हीच ठरवलेलं, त्याच क्रमानं. माझा नवरा मला माझंच वाचून दाखवत होता.

"आणि पाणी कसं होतं, भाईजान?" शमीमनं विचारलं. "भाभींना पाण्याचंच पडलंय."

हे थांबले. त्यांना खोटं बोलता येत नाही. एवढं रेटलं हेच खूप होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळखलंय हे त्यांना कळलं.

"गार असतं," मी म्हणाले. "डोंगरावरच्या बर्फाचं पाणी ते. पाय सोडले की आधी बधिर होतात आणि मग सवय होते. सकाळी हिरवं दिसतं, दुपारी निळं."

"घ्या," शमीम हसली. "गेले भाईजान आणि बघून आल्या भाभी."

सगळे हसले. मीही हसले. उद्धवरावांना आणखी पोहे हवे होते, ते वाढले.

माणसं गेल्यावर मी दार लोटलं. बशा तशाच पडल्या होत्या.

"का नाही गेलात?"

"गेलो हुतो ठेसनापर्यंत. दर रविवारी गेलो. एकदा गाडीत बी बसलो."

"मग?"

"गाडी सुटायच्या आदी उतरलो." ते जमिनीकडे बघत होते. "मी बघितलं आसतं, तर तू येकटीच न बघितलेली ऱ्हायली आसतीस."

दुसरी बाई असती तर विरघळली असती. मी संतापले. माझ्या डोळ्यांपुढं आईची ती घागर होती, ती बादली होती, ते सगळे गुरुवार होते. "मला तुमच्या डोळ्यांनी बघायचं होतं," मी म्हणाले. "तेवढंच मिळणार होतं मला आणि तेवढंही तुम्ही फलाटावर टाकून आलात. दोघांतल्या एकाला तरी ठाऊक झालं असतं. दोघं मिळून आपण कधीच जाणार नव्हतो. तुम्हाला काय ते ठाऊक नव्हतं?"

त्यांनी मान वर केली.

"न्हवतं," ते म्हणाले. "मला वाटलं, आपन जानार हाय."

आधी मला वाटलं, समजूत काढतायत. मग मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. तो माणूस इतकी वर्षं खरोखर निघाला होता. चपला हातात धरायच्या म्हणाला तेव्हा धरणार होता. जूनमध्ये जाऊ म्हणाला तेव्हा कुठल्यातरी जूनमध्ये जाणार होता. मी शेजारी बसून हुंकार देत होते, आणि ते एकटेच प्रवासाला निघालेले होते. हे मला आज कळत होतं, आणि कळायच्या आधीच मी ते मोडून टाकलं होतं.

"मंग इतकी वर्सं आपन काय करत हुतो?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सुखात होतो," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग बशा गोळा करून मोरीत नेऊन ठेवल्या. त्यानंतर कुठल्याच गुरुवारी त्यांनी तळ्याचं नाव काढलं नाही. मी एकदा-दोनदा काढून पाहिलं, तर ते नुसते हसले, लहान पोराला हसावं तसं. आणि तेव्हापासून मला तिथं जायचं आहे. आधी कधी नव्हतं एवढं, खरंखुरं, तिकीट काढून, त्यांच्या शेजारी बसून.