फॉइलमधली भावंडं

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दिवस कधी उजाडत नसे आणि मावळतही नसे. दाराला जाड काळा पडदा, खिडकी कायमची बुजवलेली, आणि मधोमध ते अवाढव्य यंत्र हळू आवाजात गुणगुणत असायचं. बाहेर काहीही असो, आत कायम एकच वेळ, झोप लागता लागताची. नवीन माणूस आत आला की बसल्या बसल्या जांभया द्यायला लागे. तिचं मात्र तिथे मन रमायचं. खरं सांगायचं तर घरापेक्षाही जास्त रमायचं, पण हे ती कुणाजवळ बोलत नसे.

तिचं काम म्हणजे बघणं. करंगळीएवढ्या, अंगावर निळे पट्टे असलेल्या माशांची अंडी ती गोळा करायची. त्यातलं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. डोळे अजून धड काळेही झालेले नसतात, हृदय नुसतं थरथरत असतं, आणि तेव्हाच त्याच्या पाठीतल्या काही पेशी एकेक बारीक तंतू बाहेर सोडतात. तो तंतू शेपटीच्या स्नायूपर्यंत पोचला की शेपटी हलते. शेपटी हलली की मासा मासा होतो, नाहीतर ते नुसतं अंडंच राहतं म्हणायचं. तिच्या माशांमध्ये हे तंतू लेसरच्या उजेडात हिरवे उजळायचे. तशी त्यांची पैदासच केलेली होती.

एक पिल्लू निवडायचं, कोमट जेलच्या थेंबात अलगद आडवं करायचं आणि यंत्राखाली ठेवायचं. मग किरण त्याच्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहायचा आणि चित्रं टिपत राहायचा. सगळी चित्रं एकापाठोपाठ लावली की तंतू चालायला लागे. त्याच्या टोकाला बोटं असतात, खरोखरच बोटं. अंधारात भिंत चाचपडत स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाणाऱ्या माणसासारखं ते टोक इकडे हात लावी, तिकडे हात लावी, मागे येई, पुन्हा पुढे सरके. ते बघताना तिला वाटे, आपणही असंच कुठून तरी चाचपडत आलो असू. आणि मग ती कितीतरी वेळ तशीच बसून राही.

पण वाट अर्धी संपली की टोक थांबायचं. बोटं आखडून घ्यायचं आणि तिथेच बसून राहायचं. एकदा नाही, प्रत्येक वेळी. प्रयोगशाळेत सगळे त्या जागेला तिचा 'थांबा' म्हणत. "काय, आज गाडी थांब्यावरच का?" असं जाता-येता कुणी तरी विचारायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्या मात्र हरखल्या होत्या. तिथे काहीतरी आहे, म्हणायच्या, वाटेत कुणीतरी उभं आहे आणि तंतूला अडवतंय. ते कोण, हे शोधण्यात तिची वर्षं चालली होती.

घरीही एक वाट अर्ध्यावर थांबली होती.

तिची लेक मनी तीन वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलली नव्हती. हसायची, रडायची, बोट धरून हवं तिकडे ओढत न्यायची, पण बोलायची नाही. कान तपासले, उत्तम होते. जीभ, टाळू, घसा, सगळं जागच्या जागी. बालरोगतज्ज्ञांनी पुढच्या आठवड्यात मेंदूच्या तपासण्यांसाठी बोलावलं होतं. नवरा म्हणायचा, "बोलेल गं. आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात आणि एकदा सुरू झाले की आवरत नाहीत." पण त्याचा हसरा आवाजही हल्ली जरा ओढून आणल्यासारखा यायचा.

आणि तिला तर सगळं ठाऊक होतं, हीच तिची पंचाईत. कुठल्या तंतूने कुठे पोचायला हवं आणि नाही पोचला तर काय होतं, हे तिला झोपेतही दिसायचं. मग ती डोळ्यांत तेल घालून लेकीकडे बघायची. रोज संध्याकाळी चित्रांचे पत्ते काढायची. "मनी, हे काय? सांग बघू." सफरचंद. "हे काय? सांग बघू राजा." मासा. फोन समोर उभा करून सगळं टिपून ठेवायची आणि मनी झोपली की ओठ कुठे हलले का, ते पुन्हा पुन्हा बघायची. सुरुवातीला एकदा व्हायचं हे, मग दोनदा, मग जेवतानाही. मनी पत्त्याकडे बघायची, आईकडे बघायची, फोनकडे बघायची आणि खालचा ओठ आत ओढून घ्यायची.

दिवसभर मनी असायची आजोबांपाशी. सासऱ्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती आणि अजूनही मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून करत होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. घरात दोन भिंगवाले आणि चहात साखर आहे की मीठ हे एकालाही दिसत नाही, असं नवरा चिडवायचा. म्हातारे कामाला बसले की कानातलं यंत्र काढून डबीत ठेवत. "ते घातलं की मला माझा श्वासही ऐकू येतो आणि हात हलतो," म्हणायचे. घड्याळ चालू झालं की नाही ते बोटांनाच कळायचं त्यांच्या. मनी टेबलाखाली खेळत बसायची. "आमचं दोघांचं झकास जमतं," ते म्हणायचे. "ती बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही." यावर तिला हसू यायचं नाही. पण ते प्रेमाने म्हणत, म्हणून राग धरणंही जमायचं नाही.

त्या दिवशी सकाळी ती काळा पडदा सारून आत गेली तर यंत्र गप्प होतं. आदल्या संध्याकाळी तिने पिल्लू ठेवलं होतं, सगळं जुळवलं होतं, पण लेसर सुरूच झाला नव्हता. एकही चित्र नाही. तिने कपाळाला हात लावला. पिल्लू मात्र जेलच्या थेंबात सुखरूप होतं. जाता जाता एक तरी चित्र घ्यावं म्हणून तिने खटपट करून लेसर लावला आणि किरण एकदाच फिरवला.

हिरवा तंतू थांब्यावर नव्हता. तो पुढे गेला होता. सरळ स्नायूत उतरला होता आणि टोकाची बोटं पसरून निवांत पडला होता.

 ती उठून अंडी ठेवायच्या उबदार कपाटाकडे गेली. प्रत्येक वेळी एक पिल्लू निवडलं की त्याची भावंडं बशीतच उरायची. ती बशी उजेड लागू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची आणि चित्रं हाती आली की न बघताच टाकून द्यायची, अशी तिथली रीत. तिने फॉइल सोडवलं. एकेकाला थेंबात ठेवून एकेकच चित्र घेतलं. सगळी पोचली होती. एकूण एक.

अंधारात राहिलेली भावंडं न अडखळता घरी पोचली होती. थांबली होती ती फक्त तिने निवडलेली.

मॅडम आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि एकेक चित्र पुढेमागे करून बघू लागल्या. मग म्हणाल्या, "न टिपलेल्यांशी ताडून बघितलं नव्हतंस?"

"अगदी सुरुवातीला बघितलं होतं, मॅडम. तेव्हा दोन्ही सारखीच पोचायची. चित्रं अंधूक यायची म्हणून मग मी किरणाचा जोर वाढवला. मग आणखी नीट दिसावं म्हणून चित्रं जवळजवळ घ्यायला लागले. पुन्हा ताडून बघायचं राहून गेलं."

"म्हणजे वाटेत उभं होतं ते कुणीतरी..."

"मीच." ती म्हणाली. "त्यांना माझा उजेड सोसत नव्हता, मॅडम. मी बघत होते म्हणून ती थांबत होती."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "दिव्याखाली अंधार, त्यातली गत," त्या म्हणाल्या. "मलाही तो थांबा इतका आवडला होता की मी विचारलंच नाही. घरी जा आज. उद्या सगळं सगळ्यांना सांगू."

भर दुपारी घरी जायची तिला सवयच नव्हती. रस्त्यावर इतका उजेड होता की तिला डोळे किलकिले करावे लागले. भिंतींच्या सावल्या, उन्हात वाळणाऱ्या चादरी, सायकल पुसणारा माणूस, सगळं पाण्याखालून दिसावं तसं संथ हलत होतं. वर्षं वाया गेली याचं दुःख व्हायला हवं होतं. ते कुठेतरी मागे राहिलं होतं, अजून पोचलं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढताना तिला मागच्या खोलीतून आवाज आला. बारीक, जरा घोगरा, कधीच न ऐकलेला. शेजारचं मूल खेळायला आलं असेल, असं वाटून ती बोळातून पुढे गेली आणि दाराच्या फटीपाशी थबकली.

सासरे पाठमोरे, घड्याळात बुडालेले. कानातल्या यंत्राची डबी बंद. टेबलाखाली मनी फतकल मारून बसली होती. तिच्यासमोर टेबलाच्या पायाला टेकवून ठेवलेलं एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ, आणि मनीच्या हातात चित्रांचे पत्ते.

"हे काय?" मनी घड्याळाला विचारत होती. "सांग बघू."

घड्याळ गप्प.

"सांग बघू लाजा." मनीने वाट पाहिली. मान तिरकी करून त्याच्याकडे रोखून बघितलं, अगदी आईसारखं. मग पत्ता खाली ठेवला. "बलं. नको सांगू. ये." आणि ते घड्याळ उचलून मांडीवर घेऊन थोपटायला लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तिचा हात आपसूक पिशवीत गेला, फोन बाहेर आला, अंगठा टिपायच्या बटणावर टेकला. सवयच ती. मग तिने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, फोन बंद केला आणि बोळातल्या कोनाड्यात पालथा ठेवून दिला.

ती आत गेली तेव्हा आवाज थांबला. तिने टेबलाखाली बघितलं नाही. फार जड गेलं ते. आयुष्यात इतकी जड मान तिने कधी दुसरीकडे वळवली नव्हती. सासऱ्यांनी भिंग वर केलं. "आज लवकर गं?" ते ओरडले. तिने मान हलवली आणि टेबलाशेजारी जमिनीवर बसली, मनीकडे पाठ करून. काहीतरी द्या करायला, अशी खूण केली. त्यांनी पुसायला पितळेच्या चाकांची बशी पुढे सरकवली आणि पुन्हा कामात बुडाले.

ती एकेक चाक फडक्याने पुसत राहिली. जमिनीवरची उन्हाची चौकट सरकत सरकत तिच्या गुडघ्यावर आली, मग उतरून पलीकडे गेली. मागे काही सरपटल्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. तिने वळून बघितलं नाही. पाठीला एक छोटा हात लागला, मग खांद्याला, मग दंडाला. चाचपडत चाचपडत पुढे येत होता.

एक पत्ता तिच्या मांडीवर पडला. मासा.

"आई, हे काय?" कानाशी आवाज आला. "सांग बघू."

सारं आयुष्य माशांत घालवलेल्या त्या बाईला तो एवढासा शब्द काही केल्या फुटेना. ओठ हलले, चाकं सगळी धूसर झाली.

मनीने थोडी वाट पाहिली.

"बलं," ती म्हणाली. "नको सांगू." आणि पत्ता बाजूला सारून आईच्या मांडीत येऊन बसली.